व्होकेशनलच्या मुलांनी करून दाखवलेलं काम इथे नोंदवू या

सुरंगी (धागाकर्ती)

बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या असतात. कोकण मंडळ राज्यात अव्वल आल्याची बातमी, आणि नाक्यानाक्यावर अभिनंदनाचे बॅनर. २०१२ साली रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचं वेगळं मंडळ झालं, तेव्हापासून ही बातमी आपण वाचत आलोय, आणि तिचा मला मनापासून आनंद होतो. पण त्या बॅनरवर व्होकेशनलचं, म्हणजे बारावीच्या व्यवसाय शिक्षण शाखेचं, पोर क्वचितच दिसतं. शाळेच्या दर्शनी फलकावरही नसतं. फलकावर नाव, टक्के आणि शाखा असे तीन रकाने असतात. आमच्या मुलांनी जे कमावलेलं असतं ते या तीन रकान्यांत बसत नाही.

मी देवगडकडच्या एका उच्च माध्यमिक शाळेत व्होकेशनल विभागात शिकवते. यंदा शाळा समितीने फलक नव्याने करायचं ठरवलंय आणि त्यावर आमच्या मुलांबद्दल काय लिहायचं हे मला विचारलंय. म्हणून हा धागा. व्होकेशनल, द्विलक्षी (सायन्ससोबत एक तांत्रिक विषय), तांत्रिक विद्यालय, आयटीआय, कुठलंही चालेल. कोणत्या मुलाने किंवा मुलीने काय केलं, कशावर केलं, आणि ते आज कोणाच्या उपयोगी पडतंय, एवढं लिहा. मुलांची आणि शाळांची नावं मात्र नकोत. बरीच मुलं अजून अठराचीही नाहीत.

सुरुवात मी करते.

१ जूनला मासेमारी बंद झाली की ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर वर ओढून ठेवलेले असतात. आमच्या मुलांसाठी हेच दोन महिने खऱ्या वर्कशॉपचे. ऑटोमोबाइलच्या वर्गातला एक मुलगा, वडील खलाशी, एका ओळखीच्या तांडेलांकडे (बोटीच्या प्रमुखाकडे) इंजिनकामाला मदतीला जायचा. त्या बोटीच्या सुकाणूजवळ, पाण्याखाली राहणाऱ्या भागात झिंकची वडी बसवलेली होती. खाऱ्या पाण्यात लोखंड आणि पितळ एकत्र आलं की लोखंड लवकर खातं. झिंक जवळ असलं की आधी ते झिजतं आणि लोखंड वाचतं. तांडेल खूश होते, कारण त्यांची वडी दोन हंगाम होऊनही नव्यासारखी होती. या पोराने मात्र वडी पाहिली, मग सुकाणूचा पत्रा पाहिला. पत्र्याला बारीक बारीक खड्डे पडलेले. त्याने नखाने वडी खरवडली तर रंगाचा पापुद्रा निघाला. बोट रंगवताना रंगाऱ्याने वडीवरूनही ब्रश फिरवला होता. रंगाखालचं झिंक पाण्याला लागतच नव्हतं, म्हणून झिजत नव्हतं, आणि त्याच्या वाटचं सुकाणू झिजत होतं.

पोराने वडी काढली, रंग घासून टाकला, ती जिथे बसते तिथला पत्राही चकचकीत होईपर्यंत घासला आणि बोल्ट आवळून परत बसवली. पुढच्या जूनमध्ये बोट वर आली तेव्हा वडी अर्धी झालेली होती आणि सुकाणूला नवा खड्डा नव्हता. आता त्या बंदरातले तांडेल रंगाऱ्याला आधी बजावतात, झिंकवर रंग नको. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचं बोलणं बंदरभर मानलं गेलं. मी याला यश म्हणते, आणि ते फलकावर यावं असं मला वाटतं.

दीपस्तंभ

फार बरा लिवलास ताई. माझो झिल असोच व्होकेशनलाक होतो. निकाल लागलो तेव्हा टक्के बघून घरात कोण कोणाशी बोलाक नाय. माझ्या भावान फोनवरसून विचारल्यान, आता तेचा काय करतलास? आज गावातल्या निम्म्या पंपांची मोटार तोच भरता. उन्हाळ्यात बागेक पाणी द्यायचा आसता नि मोटार जळली की लोक रात्रीचे दारात येतत. तो टॉर्च घेऊन भायर पडता. तेचा नाव खयच्याच फलकार नाय. लिवा ताई, नक्की लिवा.

जांभा

सुरंगीताई, धाग्याबद्दल आभार. मी इलेक्ट्रिकलचा निदेशक आहे, दापोलीच्या बाजूला. आमच्याकडची गोष्ट थोडी सविस्तर लिहितो.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात धडकलं, आणि मंडणगड-दापोलीत काय झालं ते इथल्या अनेकांनी भोगलंय. खांब आडवे, माड-पोफळी आडव्या, घरांचे पत्रे उडालेले. कित्येक वाड्या आठवडेच्या आठवडे अंधारात होत्या. लाइनचं काम वीज कंपनीच्या लोकांचं, तिथे विद्यार्थ्यांना जाऊ द्यायचा प्रश्नच नव्हता. पण लाइन आली म्हणजे घरात वीज आली असं होत नाही. भिंती भिजलेल्या, बोर्डात पाणी, जुनी वायर उंदरांनी कुरतडलेली. असं घर एकदम चालू केलं तर शॉक ठरलेला.

तेव्हाची आमची बारावीची मुलं वाडीतल्या घरांचं वायरिंग तपासत फिरली. मी बरोबर असायचोच, मेन स्विच बंद केल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही हा नियम. मेगरने वायरचं इन्सुलेशन बघायचं, ओलं बोर्ड काढून वाळवायचं, खराब तुकडा बदलायचा. ही झाली मदत. अनेकांनी केली असेल.

मला अभिमान वाटतो तो पुढच्या कामाचा. फिरताना एका मुलीच्या लक्षात आलं की बऱ्याच घरांत तीन पिनांचे सॉकेट आहेत, पण तिसऱ्या पिनेचं अर्थिंग, म्हणजे गळलेली वीज जमिनीत उतरवणारी जोडणी, नावापुरतं आहे. शाळा उघडल्यावर तिने हाच प्रोजेक्ट घेतला. गावातली अंगणवाडी, प्राथमिक शाळा, नळपाणी योजनेचं पंपघर, या सार्वजनिक जागांचं अर्थिंग अर्थ टेस्टरने मोजायचं. आपल्याकडे जमीन जांभ्याची. जांभा पावसाळ्यात पाणी पितो आणि दिवाळीनंतर कोरडा ठणठणीत होतो. कोरड्या जांभ्यातून वीज जमिनीत उतरायला फार विरोध होतो. त्यामुळे ऑगस्टमध्ये चांगलं दिसणारं अर्थिंग एप्रिलमध्ये कामाचं राहत नाही. म्हणून तिने एकाच जागेचं मोजमाप पावसाळ्यात केलं आणि उन्हाळ्यात परत केलं. पुस्तकात हे असं सांगितलेलं नव्हतं, तिचं तिने ठरवलं.

अंगणवाडीत तर वेगळीच गोष्ट निघाली. खड्डा होता, पाइप होता, वर सिमेंटचं झाकण होतं. झाकण उचललं तर पाइपाला तार जिथे नटाने आवळली होती तिथेच ती गंजून तुटलेली. खारा वारा आणि खड्ड्यातलं मीठ, दोन्ही मिळून तारेला खातात. झाकणामुळे कोणाला दिसलं नव्हतं, आणि त्याच अंगणवाडीत पाण्याचा फिल्टर त्या सॉकेटवर चालत होता. मुलांनी खड्डा नव्याने भरला, जोड बदलला, मेनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घेतला. ग्रामपंचायतीने सामानाचे पैसे दिले. आता दर मार्चमध्ये तिथल्या मदतनीस बाई त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओततात.

ती मुलगी सध्या डिप्लोमाला आहे. तिला बारावीला किती टक्के होते ते मला आठवत नाही, पण तिच्या वहीतला पावसाळा-उन्हाळ्याचा तक्ता मी आजही नव्या बॅचला दाखवतो.

घाटमाथा

धागा वाचतोय आणि आवडतोय, तरी एक वेगळं मत नोंदवतो. मी कोकणातलाच, सध्या पुण्यात एका कारखान्यात भरतीचं काम बघतो. टक्के बाजूला ठेवा असं शिक्षकांनीच म्हणणं मला धोक्याचं वाटतं. माझ्याकडे अर्ज येतो तेव्हा पहिली चाळणी कागदावरच होते. अमुक टक्क्यांच्या खाली असलेला अर्ज माझ्या टेबलापर्यंत पोचतच नाही, मग त्या मुलाने झिंकची वडी ओळखली का अर्थिंग शोधलं हे मला कळणार कसं? मुलांचं कौतुक जरूर करा, पण गणित आणि इंग्रजी सुटलं तर त्याच मुलांचं नुकसान होतं. गावात मान मिळेल, पुढचं दार मात्र उघडणार नाही.

सुरंगी

घाटमाथा, तुमचा मुद्दा मला मान्य आहे, पण अर्धाच. टक्के नकोत असं मी म्हणत नाही. फलकावर फक्त टक्केच असतात, त्याला माझी हरकत आहे. इंग्रजीचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं. आमच्याकडे मुलं इंजिनचं मॅन्युअल वाचायला लागली की इंग्रजीची भीती कमी होते हे मी वर्गात पाहिलंय, कारण त्यांना त्या वाक्यात दडलेली माहिती हवी असते.

पण तुम्ही भरतीचं काम करता, म्हणून तुम्हालाच विचारते. मुलाने अर्जासोबत स्वतः केलेल्या कामाची नोंद जोडली, निदेशकांच्या सहीसह, फोटोसह, तर ती तुमच्याकडे कोणी वाचतं का?

घाटमाथा

ताई, खरं सांगतो. पहिल्या चाळणीत नाही. पण मुलाखतीपर्यंत आलेल्यांत वाचतो, आणि तिथे ती फार उपयोगी पडते. अट एकच, नोंद मुलाच्या शब्दांत हवी. "इंजिन दुरुस्तीचे प्रात्यक्षिक केले" असं सगळ्यांच्याच जर्नलमध्ये असतं. जांभा सरांनी लिहिलंय तसं, काय दिसलं, काय शंका आली, काय मोजलं, काय बदललं, असं कोणी आणलं तर मी त्याला पाच प्रश्न जास्त विचारेन आणि बहुधा घेईनही. फलकापेक्षा ही वही मुलांच्या हातात द्या असं सुचवेन.

पडाव

मी निवृत्त आहे, व्होकेशनलच्या पहिल्या काही बॅचेसना शिकवलंय. थोडा मागचा संदर्भ देतो, कारण नव्या पालकांना वाटतं की हा अभ्यासक्रम नापासांसाठी काढला. तसं नव्हतं. कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्येच शाळेत कार्यानुभव आणि व्यवसाय शिक्षण हवं असं सांगितलं होतं. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने ठरवलं की उच्च माध्यमिकची १० टक्के मुलं १९९० पर्यंत आणि २५ टक्के १९९५ पर्यंत व्यवसाय शाखेकडे यावीत. १९८८ मध्ये केंद्राची योजना आली आणि आपल्या राज्यात किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम सुरू झाले. ज्याला आपण एमसीव्हीसी म्हणायचो, तेच. तो २५ टक्क्यांचा आकडा देशाला गाठता आला नाही. आता २०२० च्या धोरणात २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख व्हावी असं लिहिलं होतं. आकडे कागदावर मोठे होत जातात. वर्कशॉपमधला लेथ मात्र जुनाच राहतो, याचं मला वाईट वाटतं.

आणखी एक. १९८६ मध्ये शिकाऊ उमेदवारी कायद्यात दुरुस्ती होऊन बारावी व्होकेशनल पास मुलांसाठी वेगळी वर्गवारी झाली. एक वर्षाची अप्रेंटिसशिप, स्टायपेंडसह. ती दुरुस्ती व्होकेशनलच्याच मुलांसाठी केली गेली. आणि तरी आज कित्येक मुलं बारावीनंतर घरी बसतात, कारण नोंदणी करायची असते हेच त्यांना कोणी सांगत नाही.

आईची_ओटी

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितेय. माझी मुलगी दहावी झाली, गणितात बरी आहे आणि तिला मेकॅनिकलचंच शिकायचंय. गुहागर तालुक्यात राहतो. घरचे म्हणतात सायन्सला घाल, नाहीतर निदान कॉमर्सला. व्होकेशनलला किंवा आयटीआयला गेली तर पुढे शिक्षण बंद होतं असं सासरे सांगतात. हे खरं आहे का? जाणत्यांनी कृपया सांगावं.

जांभा

ताई, बंद होत नाही. सासऱ्यांना हे दाखवा.

दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड केला, किंवा तांत्रिक गटातून बारावी व्होकेशनल केली, तर पॉलिटेक्निकला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशासाठी अर्ज करता येतो. आपल्या जवळ रत्नागिरी आणि मालवणला शासकीय तंत्रनिकेतनं आहेत. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या डिग्रीला पुन्हा थेट दुसरं वर्ष. म्हणजे मुलगी हाताने काम शिकून, कमावती होऊनही डिग्रीपर्यंत जाऊ शकते. दहावीला गणित बरं असेल तर ते सोडू देऊ नका, डिप्लोमात पहिला धक्का गणिताचाच बसतो.

आणि सायन्सच हवं असेल तर मधला रस्ता द्विलक्षीचा आहे. सायन्ससोबत २०० गुणांचा एक तांत्रिक विषय. इलेक्ट्रिकल मेंटेनन्स, मेकॅनिकल मेंटेनन्स, क्रॉप सायन्स, कॉम्प्युटर असे. जवळच्या कॉलेजात कुठला आहे तो आधी बघा, सगळीकडे सगळे नसतात.

सुरंगी

आईची_ओटी, जांभा सरांनी सगळं सांगितलंय. मी फक्त एक जोडते. प्रवेश घेण्याआधी मुलीला घेऊन वर्कशॉप बघायला जा. मशीनवर धूळ आहे की तेल, ते बघा. मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह आहे का, कपडे बदलायला जागा आहे का, प्रॅक्टिकल किती वाजता सुटतं आणि त्या वेळेला तुमच्या गावाची एसटी आहे का, हे विचारा. आमच्याकडे एक हुशार मुलगी पाच वाजताच्या बॅचमुळे सोडून जायच्या बेतात होती. शेवटची गाडी चुकली की घाटीतून चालत जावं लागायचं. बॅच सकाळी घेतली, ती टिकली, आणि वेल्डिंगमध्ये तिच्या हाताचा टाका वर्गात सगळ्यांत सरळ यायचा.

कुळीथपिठी

ताई, स्वयंपाकघराशी नातं असलेलं काम चालेल ना? आमच्या सावंतवाडीकडच्या मुलींचं लिहिते. फळप्रक्रियेचा विषय होता. गावातला महिला बचत गट दर मे महिन्यात अमृत कोकम करतो. कोकमाच्या सालांना दुप्पट साखर, बरणीत थर लावून उन्हात, सगळ्यांच्या घरी करतात तसंच. पण मुंबईला पाठवलेल्या बाटल्या फसफसायच्या. झाकण उघडलं की सरबत उसळून बाहेर. गिऱ्हाईक परत फोन करेना.

बायकांना वाटायचं बाटल्या नीट धुतल्या जात नाहीत. मुलींनी शाळेतला रिफ्रॅक्टोमीटर नेला. छोटी दुर्बिणीसारखी नळी असते, काचेवर थेंब टाकून उजेडाकडे धरायची, आत रेषेवर आकडा दिसतो. सिरपला विरघळलेले घटक, म्हणजे मुख्यतः साखर, किमान ६५ टक्के लागते असा नियम आहे. त्याखाली गेलं की यीस्ट वाढायला मोकळं. एकाच दिवशी भरलेल्या बाटल्यांत काही ठीक, काही फारच पातळ. मग कारण शोधत गेल्या. साल धुतल्यावर कोण निथळून घ्यायचं, कोण तशीच ओली घालायचं. वळवाचा पाऊस आला तर साल सुकत नव्हती, पण साखर तेवढीच पडत होती. पाणी वाढायचं आणि प्रमाण बिघडायचं.

मुलींनी गटाला दोन सवयी लावल्या. साल निथळून कापडावर पसरल्यावरच वजन करायचं, आणि भरण्याआधी प्रत्येक बरणीतला थेंब तपासायचा. कमी भरला तर साखर वाढवून पुन्हा उन्हात. पुढच्या हंगामात परत आलेल्या बाटल्या बंद झाल्या. गटाने स्वतःच्या पैशातून रिफ्रॅक्टोमीटर विकत घेतला आणि ज्या काकू चौथीपर्यंत शिकल्यात त्या आता रेषेवरचा आकडा वाचतात. त्या काकूंना हे शिकवणाऱ्या मुलीला मी तर फलकावर सगळ्यांत वर लिहीन.

दीपस्तंभ

काकू आकडो वाचतत हां तर लयच आवाडला. आमच्या घरच्या बाटल्यो पण असेच उडतत. साल निथळून वजन करूक सांगतंय.

पडाव

थोडं अवांतर, पण गरजेचं. आपल्या पट्ट्यातली मुलं जहाजावर जायला उत्सुक असतात. रत्नागिरी, गुहागर, दापोलीतून पिढ्यान् पिढ्या लोक बोटीवर आणि आखातात गेलेत, वेल्डर-फिटर म्हणून नाव काढलंय. इंजिनचं शिकलेल्या मुलाला ओढ वाटणारच. पण जीपी रेटिंगच्या, म्हणजे जहाजावरच्या खलाशी कामाच्या कोर्सच्या, नावाखाली पैसे घेऊन फसवणारे लोक गावोगाव फिरतात. माझा एक विद्यार्थी असाच अडकला, घरचा दागिना गेला. पैसे देण्याआधी ती संस्था नौवहन महासंचालनालयाच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का ते त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः बघा. कोर्स सहा महिन्यांचा निवासी असतो. इंडोस नंबर (खलाशाचा नोंदणी क्रमांक) आणि सीडीसी (खलाशाचं ओळखपुस्तक) याशिवाय जहाजावर पाऊल ठेवता येत नाही. "आधी पैसे भरा, सीडीसी नंतर आम्ही काढून देतो" म्हणणाऱ्याकडून सरळ उठून या. त्या मुलाने नंतर मान्यताप्राप्त संस्थेतून कोर्स केला आणि आज तो इंजिन रूममध्ये आहे. सुट्टीवर आला की शाळेत येऊन मुलांना कागदपत्रं दाखवतो, खरी कशी असतात आणि त्याला दिलेली खोटी कशी होती ते शेजारी ठेवून. हेही नोंदवा.

कलमकाडी

वेंगुर्ल्याजवळून लिहितोय. माझी स्वतःची काजूची रोपवाटिका आहे आणि दरवर्षी शाळेची मुलं माझ्याकडे शिकायला येतात, त्यामुळे शिक्षक नसूनही बोलतो.

आमच्याकडे १९५७ पासून फळ संशोधन केंद्र आहे, तिथून निघालेल्या वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या काजूच्या जाती आज कोकणभर आहेत. सातची बी चांगली मोठी, दहा ग्रॅमच्या आसपास भरते. पण कलम चांगलं नसेल तर जात चांगली असून उपयोग काय? मृदुकाष्ठ कलम दिसायला सोपं. कोवळ्या रोपाचा शेंडा छाटायचा, मध्ये उभी चीर द्यायची, चांगल्या झाडावरून घेतलेल्या काडीला पाचरीसारखा दोन्हीकडून काप देऊन ती चिरेत बसवायची, पट्टीने घट्ट बांधायचं, वरून पेप्सीकोल्याची प्लास्टिक नळी टोपीसारखी चढवायची. डोळा फुटला की टोपी काढायची. मर होते ती बहुतेक काडी निवडताना आणि काप देताना.

गेल्या काही वर्षांत आलेल्यांतली एक मुलगी सांगतो. हाताने काम करताना जराही घाई नाही. काडी झाडावर असतानाच आठ-दहा दिवस आधी देठ ठेवून पानं काढायची असतात, म्हणजे डोळे फुगतात. बाकीची मुलं पानं काढून मोकळी. ही रोज सकाळी जाऊन देठाला बोटाने हलकंच लावून बघायची. देठ आपोआप गळून पडला की ती काडी तयार, मगच कापायची. काप एकाच ओढीत, ब्लेड मागेपुढे न करता. काडी आणि रोप जाडीला सारखं नसेल तर एका बाजूची साल तरी सालीला जुळलीच पाहिजे, हे तिला मी सांगितलं नव्हतं, तिने जगलेली आणि मेलेली कलमं उघडून बघून काढलं होतं. मेलेलं कलम उघडून बघणारं पोर मला क्वचित भेटतं.

तिची कलमं माझ्या कामगारांच्या तोडीस तोड जगली. मी तिला पुढच्या वर्षी हंगामाला मजुरीवर बोलावलं, नगावर पैसे. तिने त्यातून स्वतःच्या परसात रोपं केली. आज तिच्या वडिलांच्या पडीक वरकस जमिनीत तिने बांधलेल्या कलमांची बाग आहे, आणि तिसऱ्या वर्षापासून बी मिळायला लागली. ती दापोलीला कृषी विद्यापीठात शिकायला जायचं म्हणते. जाईल.

घाटमाथा

कलमकाडी, देठ गळायची वाट बघणं, हे वाचून थांबलो. असं लक्ष देणारी माणसं आम्ही कारखान्यात शोधत असतो. हे कुठल्या परीक्षेत मोजलं जातं?

जांभा

परीक्षेत नाही, पण स्पर्धा आहेत. इंडिया स्किल्सची जिल्हा, राज्य, देश अशी निवड असते आणि तिथून वर्ल्ड स्किल्सला संघ जातो. २०१९ ला कझानला झाली, २०२४ ला लिओंला. बहुतेक प्रकारांना वयाची अट २२ च्या आसपास आहे, त्यामुळे बारावीच्या मुलांना वेळ असतो. वेल्डिंग, इलेक्ट्रिकल इन्स्टॉलेशन, प्लंबिंग, बेकरी, असे बरेच प्रकार. आपल्याकडच्या शाळांना फॉर्म कधी निघतो हेच उशिरा कळतं. घाटमाथा, तुम्ही पुण्यात आहात, नोंदणी उघडली की इथे कळवाल का?

घाटमाथा

नक्की. आणि तुमच्यापैकी कोणी मुलं पाठवणार असेल तर सरावासाठी आमच्या ट्रेनिंग सेंटरला आठवडाभर येऊ द्या, मी परवानगी काढतो. राहायची सोय करावी लागेल.

आईची_ओटी

काल मुलीला घेऊन वर्कशॉप बघून आले. मशीनवर तेल होतं. सासरेही बरोबर आले होते. तिथल्या सरांनी मुलीला व्हर्निअरवर माप घ्यायला दिलं, तिने घेतलं आणि सासऱ्यांनी ते परत मोजून पाहिलं. ते पूर्वी मुंबईला गिरणीत होते, जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हाताखाली. येताना गाडीत म्हणाले, फॉर्म भर. गाडीची वेळही जमते. सगळ्यांचे आभार.

सुरंगी

आईची_ओटी, किती छान बातमी! मुलीला माझ्याकडून शाबासकी.

समितीशी बोलणं झालं. फलकावर टक्क्यांचा रकाना राहील, शेजारी "केलेलं काम" असा रकाना येईल, दोन ओळींचा. सगळ्या शाखांना तो लागू. सायन्सच्या मुलानेही काही करून दाखवलं असेल तर तेही त्यात. आणि घाटमाथांनी सुचवलं तशी वही आम्ही यंदाच्या अकरावीपासून सुरू करतोय. पहिलं पान जांभा सरांच्या विद्यार्थिनीच्या तक्त्याच्या धर्तीवर.

आता एक विचारायचंय. १५ जुलै हा जागतिक युवा कौशल्य दिन. त्या दिवशी मुलांची कामं मांडून गावाला दाखवावीत असं मनात आहे. मासेमारी बंद असते, त्यामुळे तांडेल, खलाशी सगळे घरी, त्यांना येता येईल. तारीख बरी वाटते का?

कलमकाडी

ताई, १५ जुलैला भाताची लावणी ऐन भरात असते. बंदरावरचे येतील, पण शेतावरच्या बायका कुणी येणार नाहीत, आणि मुलींच्या आयाच नसतील तर कसं? शिवाय पावसाने वीज गेली तर मशीन काय दाखवणार?

दीपस्तंभ

लावणी आटपली की करा. पण ऑगस्ट लागण्याच्या आदी. एकदा बोटी पाण्यात गेल्यो की आमच्यातलो एक माणूस गावूचो नाय.

जांभा

मग जुलैचा शेवटचा शनिवार ठेवा. तोवर लावणी बहुतेक आटपते, बोटी अजून वरच असतात. जनरेटरची सोय मी करतो, आमच्या मुलांनीच दुरुस्त केलेला आहे, टेम्पोने पाठवेन.

सुरंगी

ठरलं, जुलैचा शेवटचा शनिवार, सकाळी दहा ते दोन, म्हणजे दुपारची एसटी सगळ्यांना मिळेल. कुळीथपिठी, त्या काकूंना आणि मुलींना रिफ्रॅक्टोमीटर घेऊन यायला सांगाल का? येण्या-जाण्याचा खर्च शाळा देईल.

कुळीथपिठी

सांगते. काकू विचारतायत, बरणी त्यांची आणू की तिथल्याच कुणाच्या घरची तपासायची?

सुरंगी

दोन्ही. ज्यांच्या घरी फसफसलंय त्यांनी आपापली बाटली घेऊन यावी, अशी दवंडीच देते.